मागच्या चाकावरची जागा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ती गेली त्या आजारात तिच्या उशाशी बसून तोंड उघडलं होतं एकदा — आणि पाणी हवं का, म्हणून विचारलं. मुलीला तर नाहीच. तिला का नाही, ते पुढे येईल. तुला सांगतोय ते एवढ्यासाठी, की तुझा चेहरा मला दिसत नाही. यात धाडस वगैरे काही नाही बरं का, उगाच मोठा माणूस समजू नकोस.

भीती अजून आहे. इतक्या वर्षांनी कसली रे भीती, असं तू म्हणशील. ज्याच्यापासून लपवायचं तो गेला, ज्याचा धाक होता तोही गेला. मग? मलाच कळत नाही. पण आत्ता हे लिहितानाही दारात कुणाची चप्पल वाजली तर मी कागद पालथा घालतो.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. मुलुंडला आग्रा रोडला लागून नानांचं गॅरेज होतं. नाना म्हणजे मालक आणि आमचे उस्ताद, दोन्ही. मी त्यांच्याकडे मेकॅनिक, आणि माझ्या जोडीला गजा. गजा मालवणकडचा. माझ्याच वयाचा, सदा काहीतरी बडबडणारा, त्याचा उजवा हात असा की नट नुसता चाचपून त्याला कुठला पाना बसेल ते सांगायचा. राहायचो आम्ही नानांच्याच चाळीत, समोरासमोर. माझं नुकतंच पहिलं मूल झालेलं — मुलगी, सुमन. नोकरी नानांची, डोक्यावरचं छप्पर नानांचं. हे सांगतोय म्हणून सबब पुढे करतोय असं समजू नकोस. गजाचंही सगळं नानांचंच होतं, पण तो कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही.

आमच्याकडे येणारे ट्रक बहुतेक मिठागरांचे. लढाईतले लष्करी ट्रक लिलावात निघाले होते, ते शेठ लोकांनी घेऊन मीठ वाहायला लावलेले. मीठ लोखंडाला कसं खातं ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. मागच्या बाजूला तर सगळं खारं पाणी ठिबकणार — पाटे, शॉकप, त्यांचे बोल्ट. शॉकप म्हणजे गाडीचा दणका जिरवणारा दांडा, आणि पाटे म्हणजे ज्यांच्यावर ट्रकचं सगळं ओझं असतं त्या पोलादी पट्ट्या, एकावर एक रचलेल्या. शॉकप बदलायला काही अक्कल लागत नाही. जुन्याचा बोल्ट काढण्यात खरा जीव जातो. गंजून तो असा बसतो की बोल्ट कुठे संपला आणि लोखंड कुठे सुरू झालं ते कळू नये.

नानांची त्यावर पद्धत होती. तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, रॉकेल सोडायचं, चारी अंगांनी हातोडीने हलकं हलकं ठोकायचं, पुन्हा रॉकेल. मग पाना लावून आधी किंचित आवळायचा, आणि मग सोडायचा. नाही आला तर सोडून द्यायचं, उद्या पुन्हा. "बोल्टाशी भांडायचं नाही, त्याला कंटाळा आणायचा," असं म्हणायचे. आणि एक गोष्ट त्यांनी बजावून ठेवली होती, की वेल्डिंगचा गॅस पाट्यांजवळ न्यायचा नाही. कुणीही, कधीही. पाट्याला कारखान्यात पाणी दिलेलं असतं, म्हणजे बेताने तापवून-विझवून कस आणलेला असतो, त्याच्यावरच त्याची लवचीकता. आग लागली की ते गेलं.

दुसरा नियम त्यांचा एकट्याचा होता, दुसऱ्या कुठल्या गॅरेजात मी तो पाहिला नाही. मागच्या बाजूचं काम ज्याने केलं, त्याने ट्रकच्या पहिल्या भरल्या खेपेला मागच्या चाकावर, गोणींवर बसून ठाण्यापर्यंत जायचं. कान लावून. कुठे करकरतं, कुठे आपटतं, ते अंगाला कळतं म्हणायचे. ठाण्याला उतरायचं आणि मिळेल त्या गाडीने परत यायचं. खरी गोष्ट वेगळी होती, ती आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती. आपल्याला जिथे बसायचंय तिथलं काम माणूस नीट करतो.

तर तो ट्रक आला. मागचे दोन्ही शॉकप बदलायचे. काम माझ्याकडे. बाकीचे बोल्ट कुरकुरत का होईना आले, पण डाव्या बाजूचा खालचा एक काही केल्या हलेना. दुपार झाली. शेठचा माणूस दोनदा येऊन गेलेला. नाना जेवायला घरी निघाले तेव्हा मी म्हटलं, तुम्ही येईपर्यंत काढून ठेवतो. त्यांनी सायकल काढली. गजा हसला.

"वशा, बोल्ट काय तुझो काको लागता, हाक मारलंस की येतलो?" असं मला म्हणाला आणि हात धुवून तोही जेवायला गेला.

एवढंच. एवढ्याशा चेष्टेवर मला राग आला, हे तुला पटेल का? मलाही पटत नाही. पान्याला लांब पाइप घालून ओढलं, तर बोल्टाचं डोकं झिजायला लागलं. आता आणखी एकदा पाना निसटला असता तर बोल्ट कायमचा गेला. आणि कोपऱ्यात गॅसची बाटली उभी होती. गॅरेजात कुणी नव्हतं.

मी गॅस पेटवला. बोल्ट लाल झाला, पाना लावला, आणि तो फिरला रे — लोण्यातून फिरावा तसा. काय आनंद झाला मला. बोल्ट हातात घेऊन, म्हणजे पक्कडीत धरून, मी बघत राहिलो. मग मागे नजर गेली. बोल्ट आणि पाटे यांच्यात बोटभरच अंतर होतं, आणि माझं सगळं लक्ष बोल्टाकडे. वरचा मोठा पाटा आणि त्याच्या खालचा, दोन्ही एका बाजूने लाल झालेले.

तरीही इथवर काही बिघडलं नव्हतं. म्हणजे पाटे बिघडले होते, पण बदलता आले असते. शिव्या खाल्ल्या असत्या, कदाचित नोकरी गेली असती. तेवढ्यात बाहेर नानांच्या सायकलची घंटी वाजली. नाक्यावरच्या पानवाल्याला ते रोज वाजवायचे. म्हणजे आता येणार. आणि पाटा लाल, लांबूनही दिसेल असा. मी काय केलं असेल? बाजूला बादली होती. मी ती पाट्यावर ओतली.

फुस्स झालं, वाफ उठली, लाली गेली. आणि त्याच क्षणी मला कळलं की मी काय करून बसलोय. लाल पोलादावर पाणी टाकलं की ते काचेसारखं होतं, हे लोहाराच्या पोरालाही ठाऊक असतं. दिसायला धड, हाताला कडक, आणि एका दणक्यात दोन तुकडे. तापवून मी पाट्याचं पाणी घालवलं होतं, आणि वरून विझवून तो ठिसूळ केला होता. कडेला निळी-जांभळी झाक उमटली होती. जळकं तेल आणि खालची माती कालवून मी ती फासली. गॅस बंद केला, बोल्टही विझवून त्याच तेलात लोळवला. काम मात्र व्यवस्थित केलं — सगळीकडे सारखं, जुनं वाटेल असं.

नाना आले, पक्कडीतला बोल्ट पाहिला. "मुरलं म्हणायचं रॉकेल शेवटी," म्हणाले. मी मान हलवली.

ती संध्याकाळ माझ्याकडे होती. सांगायला. नाना शेजारच्याच खोलीत जेवत होते, त्यांच्या भाकरीचा वास माझ्या खोलीत येत होता. मी सुमनला मांडीवर घेऊन बसलो आणि मनाशी म्हणत राहिलो, नाही तुटणार. कशाला तुटेल? दोनच तर पाटे आहेत, खाली बाकीचे आहेतच की. भ्यालेला माणूस स्वतःला काय काय पटवतो, आणि पटतंही त्याला.

सकाळी ट्रक मिठागरावरून भरून आला आणि गॅरेजसमोर उभा राहून त्याने हॉर्न दिला. माझ्यासाठी. आता माझी जागा मागच्या चाकावर.

इथे मला थांबावंसं वाटतं. कालपासून लिहितोय, इथेच येऊन थांबतोय. कारण रात्रभर मी स्वतःला पटवलं होतं ना की पाटा तुटणार नाही? मग त्या गोणी बघून मी चढायला पुढे का झालो नाही? तुटणार नाही अशी खात्री होती तर चढायचं होतं. नव्हती. एका बाजूला नाना उभे, दुसऱ्या बाजूला तो पाटा. खरं सांगायची भीती वाटली, आणि बसायचीही भीती वाटली. या दोन्हींतून वाट कशी काढायची, ते मला पटकन सुचलं.

मी पोटाला हात लावला. म्हटलं, "नाना, पोटात कळ येतेय. सकाळपासून दोनदा जाऊन आलो."

नाना कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. मला वाटलं होतं — खरंच सांगतो, मला वाटलं होतं की ते म्हणतील, जाऊ दे मग आज, नाही बसलं कुणी तर नाही. पण गजा चहाचा पेला खाली ठेवून उठला.

"तुझा पोट दुखता तर तू ऱ्हव हयसर. मी जातंय," म्हणाला. "ठाण्याक माका तसाही काम आसा."

आणि चाकावर पाय देऊन चढला. मी एक शब्द बोललो असतो तर? गजा, उतर. दोन शब्द. कारण विचारलं असतं तर काहीही सांगितलं असतं, आणखी एक थाप मारली असती, थापांना काय तोटा होता. पण त्याला उतरवलं असतं तर कारण शोधायला नाना पाट्याकडे बघणार होते. ट्रक निघाला. गजाने हात वर केला. मीही केला.

मग पोट दुखतंय म्हटलं म्हणून मागच्या संडासात जाऊन बसलो. हसू येतं ना? मला त्या वेळी रडू येत होतं. आत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत होतो. देवाला म्हणत होतो, गजाला सांभाळ. आणि त्याच्या तळाशी, अगदी तळाशी, आणखी एक विचार होता — तुटला तरी मी वर नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय.

जकात नाक्याच्या पुढे रस्त्याखालून नाला जायची एक मोरी होती, तिथे रस्ता खचलेला. सायकलवरून एकजण सांगत आला. मोरीच्या खड्ड्यात मागचं डावं चाक गेलं आणि पाटा तुटला, त्याच्यापाठोपाठ दुसरा. ट्रक तिरका होऊन कडेला कलंडला. ड्रायव्हर वाचला. गजा गोणींखाली. त्याला काढलं तेव्हा जीव होता, पण उजव्या हातावर ट्रकची फळी आली होती. ठाण्याच्या इस्पितळात तो हात कोपराखाली कापला.

नानांनी तुटलेला पाटा गॅरेजात आणून उन्हात धरला. अंगठ्याने घासून बघत होते. मी शेजारी उभा. तेव्हा मात्र माझ्या पोटात खरीच कळ आली. पण नानांची नजर तोवर अधू झाली होती, आणि वर माती, तेल, मीठ, सगळं माखलेलं. "मिठाने खाल्ला," म्हणाले आणि भंगारात टाकला. दुसऱ्या दिवशी मी तो तुकडा गोणपाटात गुंडाळून खाडीत टाकून आलो.

गजाला नानांनी सोडलं नाही. त्याला स्टोअरवर बसवलं, नट-बोल्ट, सुटे भाग द्यायला. हळूहळू तो डाव्या हाताने सगळं करायला लागला. कुरकुर नाही, नशिबाला दोष नाही. उलट चार माणसं जमली की तो किस्सा सांगायचा, माझ्या पोटात बोट खुपसून.

"बरा झाला वशाचा पोट दुखला. तेचा चेडू तेवा पाळण्यात होता. माझा नशीब माका, तेचा तेका."

चेडू म्हणजे मुलगी, माझी सुमन. लोक हसायचे. मीही हसायचो. काय करणार होतो? असा तो किस्सा मी किती वेळा ऐकला असेल, आणि प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांत बघत होतो की हा साधा बोलतोय की काही ओळखून आहे. साधाच बोलायचा. निदान मला तसं वाटायचं.

मग एकदा एक ट्रक आला, मागच्या बाजूला आग लागलेला. पाट्यांना तशीच निळी झाक. गजा स्टोअरमधून उठून आला आणि वाकून ती बघत बसला. बराच वेळ. सुमन तेव्हा शाळेत जायला लागली होती. ती माझा डबा घेऊन आली होती आणि माझ्याजवळ उभी होती.

गजा म्हणाला, "वशा, मी खाली पडललंय ना, तेवा तो तुटलेलो पाटो माझ्या डोळ्यांम्होर होतो. एका बाजूक तेल पुसला गेला होता. असोच निळो होतो तो."

मी हातातला पाना पुसायला घेतला.

"तुका ठावक होता काय रे? खरा सांग."

आवाज चढलेला नव्हता. रागही नव्हता. मला आता वाटतं, त्या वेळी मी हो म्हटलं असतं तर तो नुसता उठून स्टोअरमध्ये जाऊन बसला असता. पण तेव्हा मला समोर त्याचा तुटका हात दिसत होता. मी सुमनच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "हिची शपथ गजा, मला काही माहीत नव्हतं."

त्याने शपथ मागितली नव्हती. मीच घेतली. गजा एकदम सुमनकडे बघायला लागला, आणि मग चिडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर चिडला.

"पोरीची शपथ कित्याक घेतलंस? नुसता नाय म्हटलंस तरी माका पुरे होता," म्हणाला आणि निघून गेला. त्या दिवसापासून तो किस्सा त्याने पुन्हा कधी सांगितला नाही.

खोटी शपथ ज्याच्या डोक्यावर हात ठेवून घ्यावी त्याला लागते, हे मी आईच्या तोंडून ऐकत वाढलो. तू मानत नसशील. मीही दिवसा मानत नव्हतो. पण सुमनला ताप आला की माझी गाळण उडायची. तिला गोवर आला तेव्हा मी तिच्या कपाळावरचा हात काढत नव्हतो, आणि तोच हात आहे हे आठवलं की दचकून काढायचो. बायको म्हणायची, बापाची काय माया आहे लेकीवर. सुमनचं लग्न झालं, पहिल्या बाळंतपणाला ती अडली, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून होतो आणि मला एकच दिसत होतं — गॅरेजातली ती दुपार, आणि तिच्या हातातला डबा. सुटली ती. तिला काही झालं नाही. आज तिची मुलं मोठी आहेत, ती मला दर रविवारी भेटायला येते, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवत नाही. पाया पडली की खांद्यावर थोपटतो.

गजा गेल्या वर्षी गेला. म्हातारपणच, दुसरं काही नाही. शेवटपर्यंत आम्ही संध्याकाळी एका बाकावर बसून चहा प्यायचो. तेरावं झाल्यावर मी वहिनींना, गजाच्या बायकोला, भेटायला गेलो. त्यांनी चहा केला, गजाच्या खोड्या सांगत बसल्या, आणि बोलता बोलता म्हणाल्या,

"भावजी, आता गावाक नारळ कोण ठेवतलो, काय म्हायत."

मी विचारलं, कसला नारळ.

"हे दर वर्सा गावाक गेले की देवीक एक नारळ ठेयत. तुमच्या सुमनच्या नावान. आमच्या पोरांचो एक वेळ ऱ्हवात, तो कधी ऱ्हवाक नाय. मी इचारलंय एकदा, तेच्या चेडवाचो नारळ आमी कित्याक ठेवूचो? तर म्हणाले, शपथ बापाशीन घेतल्यान, चेडवाचो काय दोष?"

माझ्या बशीतला चहा जमिनीवर सांडला. म्हणजे त्याला माहीत होतं. त्या दुपारपासून माहीत होतं, माझी शपथ खोटी आहे हे, आणि ती माझ्या मुलीला लागू नये म्हणून तो दरवर्षी डाव्या हाताने नारळ ठेवत होता. आणि परत येऊन माझ्या शेजारी चहा पीत होता.

वहिनी फडक्याने जमीन पुसत होत्या. म्हणाल्या, "माका तेचो अर्थ कधी कळाक नाय. तुमका कळता काय?"

त्या वर बघून थांबल्या होत्या. मी बशी खाली ठेवली.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "मलाही नाही कळत."